बाईंच्या कानातली वायर

त्या दुपारी मी जागाच होतो. पण गल्लीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं. रात्रपाळीहून आलेला दत्ता दुपारी झोपतो, त्या वेळी त्याच्या दारापुढे मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम माझ्या घरमालकीण एस्तेरबाईंनी सगळ्या गल्लीला घालून दिला होता. पोरं विटीदांडू घेऊन पलीकडच्या बोळात जायची. कल्हईवालासुद्धा आमचं दार ओलांडेपर्यंत तोंड उघडायचा नाही. म्हणून बाईंना गाडी लागल्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती कुजबुजत. समोर राहणाऱ्या भागूबाईनं दारावर बोटानं हळूच टकटक केलं आणि मी कडी काढल्यावरही आवाज न चढवता ती म्हणाली, "ऊठ रं दत्ता. बाईला हातगाडीनं उडीवलं. दवाखान्यात नेलंय." इतकी वाईट गोष्ट इतक्या हळू आवाजात मी कधी ऐकली नव्हती. चपला पायात कशाबशा अडकवून निघालो, तर ती मागून तसंच हळू म्हणाली, "कानात ती वायर हुती म्हनं…"

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. बाईंना जाऊन आता काही आठवडे झाले. बाजारात त्यांचा विषय निघतो तो असा, की म्हातारी गाण्याची शौकीन, कानात रेडिओ घालून चालली होती आणि त्यात गेली. वायर कानात होती हे खोटं नाही. पण ती वायर बाईंच्या कानात पहिल्यांदा गेली ती माझ्या झोपेसाठी. हे गल्लीतल्या लोकांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि मला तोंडावर कुणी काही बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. हे सगळं माझ्यामुळे घडलं का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी रोज कामावर जातो आणि परत येतो.

मी वेंगुर्ल्याकडचा. आठवीत शाळा सुटली, मग वडिलांबरोबर होडीवर, मग वडीलही खाटेला लागले. आमच्या गावचे एक जण नगरला होते. नागापूरच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात ते लागले होते. त्यांनी बोलावलं म्हणून आलो. नगरला समुद्र नाही हे मला माहीत होतं, पण कुठल्याच बाजूला नाही हे इथं आल्यावर कळलं. ते गृहस्थ काही महिन्यांतच हवा मानवत नाही म्हणून परत गेले आणि मी एकटा उरलो. मला सगळ्याची भीती वाटायची. यंत्राची, साहेबाची, हॉटेलात जास्त वेळ बसलो तर मालक काय म्हणेल याची. खोली शोधत ख्रिस्ती लोकांच्या या गल्लीत आलो तेव्हा बाईंनी दारातच विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पुणे, कोल्हापूर, मग सावंतवाडी. पावसाळ्यात लाईन नेहमी बंद. लागली तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायचं."

"बाई, तुम्ही आला होतात आमच्याकडे?"

"मी? मी दौंडच्या पुढं कधी गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "ये आत."

बाई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. डोक्यावरून हेडफोन, डाव्या कानावर त्याची वाटी, समोर भोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. उजव्या हातानं लिहायचं म्हणून वाटी डावीकडे. उभी नोकरी त्यांनी अशी काढली. लग्न केलं नाही. एक भाचा सोलापूरला, तो नाताळात कधी आला तर आला. पण सगळा जिल्हा बाईंना ओळखीचा होता, न बघता. शिर्डीला त्या एकदाही गेल्या नव्हत्या. तरी म्हणायच्या, "गुरुवारी तिथनं कुणी बोललं की त्याच्या आवाजामागं गर्दी ऐकू यायची." कुठल्या गावचा व्यापारी तापट, कुठल्या गावचा डॉक्टर फोनवर आधी खोकतो, कुणाच्या घरी मुलगी झाली की बाप 'मुलगी' हा शब्द किती हळू म्हणतो, असलं सगळं त्यांच्याकडे होतं. मात्र ज्यांच्याबद्दल सांगायच्या त्यांतला एकही माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि त्यांतल्या एकानंही बाईंना पाहिलं नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मुलींनी वर्गणी काढून त्यांना ट्रान्झिस्टर दिला. चामड्याच्या कव्हरातला, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. बाई सांगायच्या, "दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, वेणीफणी केली आणि बसले. आणि कान रिकामा वाटायला लागला. दात पडला की जीभ तिथंच जाते ना, तसं." मग रेडिओ सुरू झाला तो दिवसभर. खिडकीच्या फळीवर ठेवलेला, तोंड गल्लीकडे. भागूबाई मिरजगावच्या बाजूची, नवऱ्यामागं मुलीकडं नगरात येऊन राहिलेली. सकाळी भाजी विकून आली की उरलेली पेंढी सोडून बाईंच्या खिडकीखाली निवडत बसायची. पोरं जमायची. असं ते घर होतं, मी यायच्या आधी.

मी आलो आणि माझी रात्रपाळी लागली. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, खोक्यांच्या फळ्या ठोकलेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "रेडिओनं तुझी झोपमोड होत असेल."

"नाही बाई, लावा तुम्ही."

"भिडेनं बोलतोस."

"नाही हो, खरंच. मला काही होत नाही."

"असू दे. रात्रपाळ्या मीही केल्यात. मला शिकवू नको."

त्याच दुपारी त्यांनी कव्हराच्या आतल्या खणातून एक कागदी पुडी काढली. तिच्यात ती वायर होती. रेडिओबरोबर आलेली, कधी न वापरलेली, पिवळसर पांढऱ्या रंगाची. एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला कानात बसवायचं बोंड. पिन रेडिओत खोचली की बाहेरचा आवाज बंद. बोंड उजव्या कानात घालून बाई खुर्चीत बसल्या, आणि घर एकदम गप्प झालं.

आता मला जे लिहायचं आहे ते सांगताना आजही संकोच वाटतो. मला शांततेत झोप येत नाही. आमचं घर किनाऱ्याला लागून. जन्मल्यापासून रात्रभर गाज कानात. आमच्याकडे आवाज थांबला तर माणसं दचकून उठतात, वारा पडला, आता काहीतरी येणार म्हणून. नगरच्या त्या दुपारी, पोरं हाकललेली, खिडकीला बाईंनी गोणपाट लावलेलं, आणि मी उताणा पडून छपराचे पत्रे बघतोय. सांगावंसं वाटायचं, बाई, ती वायर काढा आणि खुशाल मोठ्यानं लावा. पण एकदा खरं सांगितलं होतं ते त्यांना पटलं नव्हतं. शिवाय ज्या बाईनं परक्या मुलासाठी आख्खी गल्ली चिडीचूप केली, ताटाखाली भाकरी झाकून ठेवली, गावाहून माझी तार आली तेव्हा आधी स्वतः वाचून 'काळजीचं काही नाही' असं दारातूनच सांगितलं, तिला 'हे नको होतं' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? उपकार झालेल्या माणसाचं तोंड फार बंद असतं.

दुपारी कधी कधी रेडिओवर एखादी गमतीची श्रुतिका असावी. फळ्यांच्या पलीकडून बाई एकदम हसायच्या. कानात बोंड असल्यामुळे आपण किती मोठ्यानं हसतोय हे त्यांना कळायचं नाही. मग स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवायच्या, तेही मला फटीतून दिसायचं. त्या कशाला हसल्या ते मला कळत नव्हतं आणि मी जागा आहे हे त्यांना कळत नव्हतं. एका छपराखाली आम्ही दोघं, आणि घरात एक रेडिओ. पण त्या वायरीत एकच माणूस मावायचं.

भागूबाईनं मला एकदा नळावर गाठलं. "तुज्यापायी आमचं गानं बंद झालं रं. मुकं घर झालंय बाईचं."

"मी कुठं म्हटलं बंद करा?"

"तू म्हनला असतास तर भांडले असते म्या तुज्याशी. तू काय म्हनतच न्हाईस, आता भांडू कुनाशी?" आणि माझी बादली नळाखालून सरकवून तिनं आपली लावली.

वायरीची सवय घरातली होती तोवर ठीक होतं. हळूहळू ती बाहेर निघाली. बाई रेडिओचा पट्टा खांद्याला अडकवून वरून पदर घ्यायच्या. पदराच्या आतून वायर कानाकडे गेलेली. चर्चच्या पायरीशी मात्र काढून ठेवायच्या. "तिथं दुसरी लाईन आहे," म्हणायच्या. रेशनला, भाजीला, दळणाला जाताना कानात आहेच. चालता चालता कधी मान हलवायच्या, कधी 'छे' म्हणायच्या. ओळखीचे लोक हसून बाजूला व्हायचे.

नगरच्या बाजारपेठेत ज्यांनी वाट काढली आहे त्यांना हे सांगायला नको, की तिथली वाहनं ब्रेकवर चालत नाहीत, तोंडावर चालतात. टांगेवाला ओरडतो, सायकलवाला घंटी मारतो आणि घंटी नसेल तर जिभेनं टकटक करतो, पाणीवाला 'पानी पानी' म्हणत घुसतो. हातगाडीला तर ब्रेक नसतोच. पोत्यांनी भरलेली गाडी उताराला लागली की पुढचा हमाल ती ओढत नसतो, पाठ लावून अडवत असतो. मागचा दोराला लटकलेला असतो. आणि दोघंही 'बाजूऽ बाजूऽ' ओरडत असतात. तो आवाजच त्यांचा ब्रेक. रस्त्यातल्या प्रत्येकाच्या कानावर भरवसा ठेवून ती गाडी निघालेली असते. ज्यानं कान बंद केला त्याच्यापुरता ब्रेक तुटला. हे मला कुणी शिकवलं नाही. नव्या गावात घाबरत चालणारा माणूस कानानंच चालतो.

एकदा संध्याकाळी पाळीवर जायच्या आधी मी बाईंबरोबर रेशनला गेलो होतो. मागून सायकल आली, घंटी दोनदा वाजली, बाई तशाच. मी कोपर धरून त्यांना ओढलं. त्या चिडल्या.

"काय रे, अंगावर येतोस?"

"बाई, रस्त्यात तरी काढा ते. सायकल आली होती."

"आली तर आली. सगळी नोकरी एक कान तारेला आणि एक कान सुपरवायझरला दिला मी. ती मागून चपला न वाजवता यायची, तरी मला कळायची. तुझी सायकल काय घेऊन बसलास."

मी धीर करून म्हटलं, "पण तुमचा डावा कान… मी डावीकडून बोललो तर तुम्ही बघत नाही."

बाई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तू बोलतोसच इतकं हळू." आणि पुढं चालायला लागल्या. दोन पावलांनी वळून म्हणाल्या, "तुझ्यासारखी भीत राहिले असते ना दत्ता, तर घराचा उंबरा ओलांडला नसता मी."

तो विषय तिथं संपला. भागूबाईनंही आपल्या पद्धतीनं सांगून बघितलं होतं, "बाई, येखांद्या दिशी बैल शिंगावर घील, तवा कळंल रेडूचं." बाई हसल्या होत्या. खरं म्हणजे कित्येक वर्षं टेलिफोनच्या वाटीखाली दबून डावा कान गेलेला होता, आणि राहिलेला चांगला कान त्यांनी वायरीला दिला होता. नोकरीच्या काळात जे जमलं ते आपल्याला अजून जमतं असा त्यांचा ठाम समज होता. तो समज काढून घेणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा निवृत्त करणं झालं असतं.

यंदा दुष्काळामुळे मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, पोती सारखी रेशनच्या दुकानांकडे चाललेली असतात. गाड्या वाढल्या, तसे हमालही वाढले. शेतं उघडी पडल्यावर खेड्यांतून आलेले लोक मिळेल ते काम धरत होते. त्यांतलाच मिरजगावचा बबन. उतारावर गाडी त्याच्या पाठीवर होती. बाई कांदे घेऊन खाली चालल्या होत्या, रस्त्याच्या डाव्या बाजूनं, शाळेत शिकवतात तशा. बबन ओरडला, मागचा ओरडला. मग दुकानदार ओरडले, समोरचा टांगेवाला उभा राहून ओरडला. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, सगळा रस्ता ओरडत होता आणि एकट्या बाई शांत चालल्या होत्या. बबननं गाडी पलीकडच्या भिंतीकडे वळवली, तरी पोत्यांचा कोपरा त्यांना लागलाच. त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. पडताना वायरीची पिन निघाली आणि रेडिओ भर रस्त्यात मोठ्यानं बोलू लागला. धावत आलेल्या लोकांना वाटलं होतं गाणं असेल. रेडिओवर कुणी बाई कैरीचं लोणचं कसं घालावं ते सांगत होती. बाईंनी आयुष्यात कधी लोणचं घातलं नाही. भागूबाईच्या बरणीतलं आणायच्या.

दवाखान्यात पायाला वजन बांधून त्यांना झोपवलं होतं. मी पाळी संपली की सरळ तिकडे जायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बबन आला. दारातच टोपी काढून उभा. हातात दोन मोसंबी. मी ओळखलं नाही, पण त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. तो बाईंकडे न बघता म्हणाला, "म्या वरडत हुतो, बाई. घसा फुटस्तवर वरडलो. वझं थांबंना."

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून ते पुन्हा सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही बाबा. माझी लाईन एंगेज होती."

त्याला ते समजलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"गाव कुठलं तुझं?" बाईंनी विचारलं.

"मिरजगाव."

"हां… तुमच्याकडचे सगळे फोनवर ओरडून बोलायचे. मी कान लांब धरायचे. आणि तू ओरडलास तेव्हा नेमकं ऐकलं नाही बघ."

बबन कसनुसा हसला. मग चाचरत म्हणाला, "पोलीस कायतरी लिवून न्हेनार हायेत म्हनं."

"मी सांगितलंय त्यांना. बाई स्वतःच्या चुकीनं पडली, असं लिहा म्हटलं. जा तू, गाडी भरायची असेल." त्यानं मोसंबी स्टुलावर ठेवली आणि पाय न वाजवता गेला. त्या माणसाला मी त्या दिवशी मनातून फार जवळचं मानलं. आम्ही दोघं एकाच गोष्टीचं ओझं घेऊन तिथं आलो होतो. त्याचं बाईंनी दोन वाक्यांत उतरवलं होतं. माझं राहिलं होतं.

मी खाटेच्या डाव्या बाजूला उभा होतो. बाईंनी हातानं खूण केली, "इकडं ये. या बाजूनं बोल." डाव्या कानाबद्दल त्यांनी याहून जास्त कधी काही मान्य केलं नाही. मी उजवीकडे स्टुलावर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, "बाई, मला शांततेत झोप लागत नाही. आवाजात लागते. आमच्याकडे समुद्र असतो ना, रात्रभर. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरंच सांगितलं होतं, लावा म्हणून."

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. "आवाजात झोपतोस तू?"

"हो."

"मग दुपारभर काय करायचास?"

"पडून राहायचो."

"आणि मी हसायचे ते…"

"ऐकू यायचं."

त्या छताकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "मग एवढे दिवस मी कुणासाठी…" आणि तिथंच थांबल्या. वॉर्डात कुणीतरी भांडं घासत होतं, तेवढा आवाज. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि वेगळ्याच आवाजात बोलू लागल्या. टेलिफोनवरच्या अनोळखी माणसाला समजावताना त्यांचा असा आवाज होत असेल. "हे बघ, तुझ्यासाठी नव्हतं रे ते. पहिले चार दिवस असेल. मग मलाच बरं वाटायला लागलं. घरात कुणी बोलतंय ते वेगळं आणि कानात बोलतंय ते वेगळं. कानातलं माणूस फक्त आपल्याशी बोलतं. काय बोलतं त्याचं काही नाही… बोलतं. तू नसतास तरी मी ती वायर पुडीतून काढलीच असती."

"खरंच, बाई?"

"खोटं कशाला बोलू? उगाच मनाला लावून घेऊ नको. ते मोसंबं सोल."

मी मोसंबं सोललं. ते आमचं शेवटचं धड बोलणं. पुढं त्यांच्या छातीत कफ साठला, बोलताना धाप लागायला लागली. एका सकाळी नागापूरहून सायकल मारत दवाखान्यात पोचलो तर खाटेवरचं वजन सोडलेलं होतं.

सोलापूरहून भाचा आला. पाळकांनी प्रार्थना केली. भागूबाई कधी ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत गेलेली नव्हती. बाहेर फाटकाशी थांबते म्हणाली, आणि मग सगळ्यांच्या आधी आत शिरली. बबनही होता, मागं, भिंतीशी. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं, चालतं का अशा नजरेनं. मी मान हलवली.

आमच्या कारखान्यातली तरुण पोरं हल्ली सायकलच्या दांडीला ट्रान्झिस्टर बांधतात आणि कसोटी सामना असला की कानात वायर घालून नागापूरच्या रस्त्यानं निघतात. त्या रस्त्याला ट्रक असतात. मी त्यांना अडवतो. आधी ती माझी चेष्टा करायची, "काय रे कोकण्या, इतक्यात म्हातारा झालास?" एकाला मी म्हटलं, "बंद करू नको. वायर काढ आणि मोठ्यानं लाव. आम्हालापण स्कोअर कळू दे." त्यानं काढली. तेव्हापासून पाळी सुटली की आम्ही सात-आठ सायकली एका रेडिओभोवती घोळक्यानं जातो, आणि मागून ट्रक आला की सगळ्यांना एकदम कळतं. शहाणपण सांगायचं तर माझ्याजवळ एवढंच आहे. कानात घालून चालू नका. आवाज रस्त्यावर सोडा, आणखी कुणीतरी ऐकेल.

पण याचं समाधान फार वेळ टिकत नाही. मला बाईंची दोन वाक्यं सोडत नाहीत. एक अर्धं, 'मग एवढे दिवस मी कुणासाठी…' आणि एक पुरं, 'तुझ्यासाठी नव्हतं रे ते.' पहिलं त्यांच्या तोंडून आपोआप निघालं होतं आणि दुसरं त्यांनी विचार करून म्हटलं होतं. यांतलं खरं कुठलं? बाई मला खोटं सांगणाऱ्या नव्हत्या. पण बबनसाठी पोलिसांना काय सांगायचं हे त्यांनी ज्या सहजतेनं ठरवलं, ते मी पाहिलेलं आहे.

भाच्यानं खोली माझ्याकडेच राहू दिली. रेडिओही ठेवून गेला. म्हणाला, आमच्याकडे मोठा आहे. बरेच दिवस मी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी गोणपाट काढलं, रेडिओ खिडकीच्या फळीवर ठेवला आणि त्याचा कान पिळला. गल्ली दचकली. थोड्या वेळानं भागूबाई मेथीची टोपली घेऊन आली आणि खिडकीखाली निवडत बसली. मी आत येऊन आडवा झालो, आणि नगरला आल्यापासून पहिल्यांदा दुपारी गाढ झोपलो.

आता रोज असंच चालतं. रेडिओ बोलत असतो तोवर मला त्यांचं पुरं वाक्य खरं वाटतं. मग आकाशवाणीची दुपारची सभा संपते, आवाज थांबतो आणि मला जाग येते. त्या वेळी अर्धं वाक्य आठवतं. मी उठतो आणि काटा फिरवत राहतो. कुठलंही स्टेशन चालतं, नुसतं कुणीतरी बोलत असलेलं हवं. परवा असंच फिरवता फिरवता कानडी लागलं. कुणी बाई सावकाश काहीतरी सांगत होती, बातम्या की पाककृती, कोण जाणे.

खिडकीखालून भागूबाईनं विचारलं, "काय म्हनतीय रं ती?"

"मला कळत नाही," मी म्हटलं. "बदलू का?"

तिचे हात मेथीतच होते. जरा वेळ ऐकून ती म्हणाली, "नगं. ऱ्हाऊ दे तसंच."